कापूर, नीळ आणि चार केल्व्हिन

प्लास्टिकमधून वीज जात नाही, असं आपण शाळेत शिकलो. शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी १९७७ साली पॉलिअॅसिटिलीन या प्लास्टिकच्या फिल्ममध्ये आयोडीन मुरवलं आणि तिची वाहकता कोटींच्या पटीत वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढचं काही काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही झालं, आणि मला तेच अधिक मोलाचं वाटतं.

अशा वाहक फिल्मला धातू म्हणायचं की नाही, हा खरा प्रश्न होता. खोलीच्या तापमानाला त्याचं उत्तर मिळत नाही. पॉलिपायरोल या अशाच एका वाहक प्लास्टिकच्या दोन फिल्म घ्या. वाहकता थोडी इकडेतिकडे. द्रव हेलियममध्ये, म्हणजे ४.२ केल्व्हिनला (उणे २६९ अंश सेल्सिअस) उतरवल्या, की एकीचा रोध जेमतेम काही पट वाढतो, दुसरीचा हजारो पट.

असं का होतं? या पदार्थांत रेणूंच्या साखळ्या अस्ताव्यस्त पडलेल्या असतात आणि इलेक्ट्रॉन जागोजागी अडकतो. ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाणाऱ्या माणसासारखी त्याची गत असते. अंगात ऊब असेल तोवर तो जवळचा दगड गाठतो, उंच असला तरी. गारठ्याने बळ सरलं, की लांबचा पण आपल्या पातळीतला दगड शोधतो. भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी या उड्यांचं गणित मांडलं.

मोजणी नाजूक असते. नखाएवढ्या फिल्मवर चांदीच्या लेपाने चार बारीक तारा चिकटवायच्या: बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी, म्हणजे जोडांचा रोध मोजणीत येत नाही. गारठताना फिल्म आकसते, लेपाला तडा जातो, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. सुब्रह्मण्यम यांनी सेंद्रिय पदार्थ तापवून, विघटित करून बनवलेल्या कार्बन फिल्मचा अभ्यास केला. रेघू मेनन यांनी १९९३ साली हीगर यांच्यासोबत पॉलिअॅनिलीन या आणखी एका वाहक प्लास्टिकवर केलेलं काम आजही पायाभूत मानलं जातं; पुढे बेंगळुरूतही ते याच विषयावर काम करत राहिले. त्यांनी वापरलेली कसोटी साधी आहे. तापमान ठरावीक टक्क्यांनी उतरलं की रोध किती टक्क्यांनी चढतो, ते पाहायचं. गारठत जाताना हा आकडा घटला तर फिल्म धातूच्या बाजूची, वाढला तर विद्युतरोधकाच्या, आणि स्थिर राहिला तर नेमकी उंबरठ्यावर. इतक्या गुंतागुंतीच्या पदार्थाचा निवाडा एका आलेखावर होतो, याचं मला फार अप्रूप आहे.

त्या पॉलिअॅनिलीनमध्ये मिसळलेलं आम्ल कापरापासून बनतं. अॅनिलीन हे नावही आपल्या निळीवरून पडलेलं. रसायनज्ञ फ्रित्शे यांनी १८४० च्या सुमारास ते निळीतूनच मिळवलं होतं. नीळ आणि कापूर या आपल्या घरच्या वस्तूंचे वंशज २००६ साली खऱ्या धातूसारखे वागताना दिसले: चांगल्या प्रतीच्या पॉलिअॅनिलीनचा रोध ५ केल्व्हिनपर्यंत घटतच गेला.

विज्ञान शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना एक विनंती. विद्युतरोधकांचा धडा घेताना फळ्यावर प्लास्टिक लिहाल, तेव्हा शेजारी ‘बहुतेक’ एवढा एक शब्द नक्की लिहा.