पाठ्यपुस्तकातील चौकोन

दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेला काळा-पांढरा चौकोन आता सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्राहक मोबाईल समोर धरतो, रक्कम जमा होते आणि शेजारचे यंत्र तशी ग्वाही देते. असाच चौकोन मुलांच्या पाठ्यपुस्तकातही असतो, याकडे मात्र अनेक घरांचे लक्ष गेलेले नसते.

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये निर्माण झाला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी त्याला विद्येच्या कामी लावले. तेथील काही मुलांची घरची भाषा कन्नड होती. पुस्तक हाती असूनही त्याचा अर्थ दूर राहत होता. डिसले यांनी स्वतः कन्नड आत्मसात केली, पाठ्यपुस्तकांना नवे रूप दिले आणि पानांवर कोड छापले. मोबाईल धरताच कविता ऐकू येऊ लागली, धडा डोळ्यांपुढे उलगडू लागला. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि नंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

परितेवाडीत अडचण आधी ओळखली गेली, साधन नंतर आले. घराघरांत बहुधा उलटे घडते. आधी महागडा टॅब येतो, वर्षभराची वर्गणी भरली जाते आणि मूल नेमके कोठे अडते, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. वास्तविक पुष्कळ साहित्य विनामूल्य आहे. २०१७ मध्ये सुरू झालेले ‘दीक्षा’ हे व्यासपीठ शालेय पाठांसाठी आहे, महाविद्यालयीन अभ्यासक्रमांसाठी ‘स्वयम्’ आहे, तर गणिताच्या सरावासाठी खान अकॅडमी उपयुक्त ठरते.

तथापि गल्ल्यावरचा चौकोन रक्कम पोहोचल्याची ग्वाही देतो, पुस्तकातला चौकोन तशी ग्वाही देत नाही. चित्रफीत ओघवती असते, म्हणून सारे समजल्याचा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर सरस ठरले ते न पाहता आठवून लिहिणारे.

म्हणून रीत साधी असावी. मुलाने दहा मिनिटे पाठ पाहावा, मग पडदा बंद करून आठवेल तेवढे वहीत लिहावे. जे सुटले, तेवढाच भाग पुन्हा पाहावा. दोन दिवसांनी तीच उजळणी करावी. सायंकाळी घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने विचारावे, “आज काय शिकलास, मला समजावून सांग.” त्यासाठी आजीला बीजगणित येण्याची आवश्यकता नाही. सांगता सांगता कोठे अडखळले, ते मुलाला स्वतःलाच कळते.

दुकान वाढवताना रोकड मोजून रोजमेळ जुळवण्याची शिस्त व्यापारी कुटुंबांना नवी नाही. किती वेळ पडदा पाहिला, ही झाली उलाढाल. मुलाने स्वतःच्या शब्दांत जे सांगितले, तेवढेच खरे जमेला धरावे.