एका सर्वनामाविषयीचा आक्षेप

उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही विज्ञानकादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिला लाभले. तथापि तिच्यावरील वाचकमतांत एक आक्षेप प्रारंभापासून आढळतो, आणि तो कथानकाविषयी नसून सर्वनामाविषयी आहे. गेथेन या हिममय ग्रहावरील माणसे महिन्यातील बहुतेक दिवस स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात. मोजक्या दिवसांपुरते त्यांना लिंग प्राप्त होते व ते कोणते असेल हे आधी ठरलेले नसते. असे असता लेखिकेने सर्वांस इंग्रजीतील ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम योजिले. (देवनागरीत ते स्त्रीलिंगी भासावे, हा योगायोगच!) परिणामी वाचकाच्या मनःचक्षूंपुढे केवळ पुरुषच उभे राहतात, अशी तक्रार झाली. जोआना रस व स्तानिस्लाव लेम या विज्ञानकथालेखकांच्या टीकेचा रोखही हाच होता.

ले ग्विन यांनी १९७६ च्या निबंधात सामान्यवाचक ‘ही’चे समर्थन केले व नवे सर्वनाम घडविण्यास नकार दिला, पुढे १९८७ च्या टिपणांत ते समर्थन मागे घेतले. त्याआधीच, १९७५ च्या कथासंग्रहात, याच ग्रहावरील ‘विंटर्स किंग’ या कथेतील पात्रांना त्यांनी स्त्रीलिंगी सर्वनाम दिले होते. ‘राजा’ हे पद मात्र कायम ठेवले.

आक्षेप रास्त आहे. परंतु सर्व दोष एका सर्वनामावर यावा, याचे कारण इंग्रजीच्या घडणीत आहे. तेथे क्रियापदास लिंग नाही. म्हणून एस्त्रावेन हे पात्र आपल्या रोजनिशीत प्रथमपुरुषी बोलते, तेव्हा त्या वाक्यांतून बोलणाऱ्याचे लिंग उमटत नाही. हीच पृष्ठे मराठीत आणावयाची झाल्यास ‘मी थकलो’ की ‘मी थकले’, हा निर्णय पहिल्याच ओळीत करावा लागेल. ‘मी गाडी ओढली’ असा कर्मणिप्रयोग किंवा ‘मी जाईन’ असा भविष्यकाळ योजला तरच तो टळतो. कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात. प्रथमपुरुषापुरती ती बोली या कादंबरीस प्रमाणभाषेहून अधिक सोयीची ठरावी.

मराठीत नपुंसकलिंग आहे, मग अडचण कसली, असे कोणी विचारील. पण प्रौढ माणसास एकवचनी ‘ते’ म्हटले की त्यात मूल किंवा जनावर डोकावते. शिवाय आदरार्थी पुल्लिंगी रूपही ‘ते आले’ असेच आहे. १९६२ च्या शुद्धलेखननियमांपूर्वी ‘तें आलें’ या अनुस्वारांनी हा भेद लेखनात तरी राखला होता. आता ‘त्याने’ अथवा ‘त्यांनी’ असे विभक्तिरूप येईपर्यंत वाचकास थांबावे लागते, आणि तोवर तो बहुधा पुरुषच कल्पितो.