काँक्रीटमध्यें रोवलेलें चाक

गुणाकाराचा प्रताप मुलांना पटावा म्हणून मी वर्गांत बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट सांगत असें. आज तोच प्रताप दाखविणाऱ्या एका यंत्राची ओळख करून द्यावयाची आहे. तें कारखान्यांतलें नसून एका शिल्पकाराचें आहे.

आर्थर गॅन्सन हे १९५५ सालीं जन्मलेले अमेरिकन कलावंत. हलणारीं शिल्पें ते घडवितात. १९९२ सालच्या त्यांच्या 'मशीन विथ काँक्रीट' या शिल्पांत एका टोंकाला विजेची मोटर मिनिटाला सुमारें २०० फेरे घेते. पुढें दंतचक्रांच्या १२ जोड्या ओळीनें मांडल्या आहेत. प्रत्येक जोडींत, स्क्रूसारखे आटे असलेल्या दांड्याचे ५० फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. घड्याळांत मिनिटकांट्याच्या १२ फेऱ्यांनीं तासकांटा एकदां फिरतो, तसेंच हें. शेवटचें चाक मात्र काँक्रीटच्या ठोकळ्यांत पक्कें रोवलेलें आहे.

मग मोटर अडत कां नाहीं? हिशेब करूं. पहिलें चाक मिनिटांत चार फेरे घेतें. दुसऱ्याच्या एका फेऱ्यास साडेबारा मिनिटें लागतात. तिसऱ्याच्या सुमारें दहा तास, चवथ्याच्या तीन आठवडे, पांचव्याच्या तीन वर्षें. सहाव्यास दीडशें वर्षें हवींत, आणि बाराव्यास दोन लक्ष कोटींहून अधिक! विश्वाचें वय शास्त्रज्ञ सुमारें १३८० कोटी वर्षें मानतात. त्याच्या दीडशें पटींहूनहि हा काळ मोठा. शंभर वर्षांत शेवटच्या चाकाची कड एका अणूच्या जाडीइतकीहि सरकावयाची नाहीं. मग काँक्रीट अडविणार तरी काय?

पांचव्या चाकाचा पुरा फेरा माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसालाहि पाहतां येईल. सहाव्याचा मात्र आज जन्मलेलें मूलहि पाहूं शकणार नाहीं. मनुष्याच्या आयुष्याची सीमा या दोन चाकांच्या मधून जाते.

शिक्षक असतांना एका मुलाच्या प्रगतिपुस्तकांत मीं 'कांहींच प्रगति नाहीं' असा शेरा लिहिला होता. हें यंत्र चित्रफितींत पाहिल्यापासून तो शेरा मला टोंचतो. आपल्या श्रमाच्या टोंकाशीं काँक्रीट आहे कीं आणखी एखादें फिरतें चाक, हें गॅन्सन यांचें यंत्र सांगत नाहीं. पण चाक हललेलें मला दिसलें नाहीं, एवढ्यावरून तें फिरतच नव्हतें, हें मीं कशाच्या आधारें ठरविलें?