सात जास्त की पाच?



चार वर्षांचे मूल एकापासून वीसपर्यंतचे अंक घडाघडा म्हणून दाखवू लागले, की घरातील वडील मंडळींस कृतार्थ वाटते. परंतु त्याच मुलास ‘सात जास्त की पाच?’ असे विचारावे, तर ते पुष्कळदा गोंधळते. एवढ्यावरून त्यास कोणी मंद ठरवू नये. अंकांची नावे ओळीने म्हणता येणे हे स्मरणशक्तीचे काम होय. संख्येचे ज्ञान त्याहून निराळे आहे.

या ज्ञानाचा आरंभ जोड्या लावण्यात आहे. जेवणाच्या वेळी पाच ताटे मांडावीत, मुलाच्या हाती सात वाट्या द्याव्यात आणि प्रत्येक ताटात एकच वाटी ठेवावयास सांगावे. दोन वाट्या हाती उरल्या, म्हणजे ‘वाट्या जास्त, ताटे कमी’ हे त्यास न शिकविता उमगते. सात हे पाचांहून मोठे का, याचे उत्तर त्या उरलेल्या दोन वाट्यांत आहे.

या कामी डोळा मुलास फसवितो, हे मात्र ध्यानात ठेविले पाहिजे. स्विस शास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे विवेचन आहे. घरी पडताळा पाहावयाचा तर सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा आणि मुलादेखत त्यांतील एक पसरून लांब करा. चार-पाच वर्षांची पुष्कळ मुले लांब ओळीत चिंचोके जास्त झाले, असे सांगतील. अशा वेळी रागावण्यात अर्थ नाही. एका ओळीतील प्रत्येक चिंचोक्याखाली दुसरीतील एकेक चिंचोका मुलाकडूनच लावून घ्यावा. जागा किती व्यापली आणि वस्तू किती आहेत, हे दोन प्रश्न निराळे आहेत, ही जाण उपदेशाने येत नाही. ती हाताने येते.

तुलनेमागून क्रम येतो. माँटेसोरीबाईंच्या संख्यादंडांत दहा दांडे असतात. पहिला दहा सेंटिमीटरांचा, आणि पुढचा प्रत्येक तितक्याच अंतराने वाढत जाऊन दहावा पुरा एक मीटर. घरी ते विकत आणण्याचे कारण नाही. सारख्या आकाराच्या काड्यापेट्या एक, दोन, तीन अशा एकाखाली एक ओळींत मांडल्या, की तोच जिना तयार होतो. प्रत्येक पायरी मागचीहून एकानेच मोठी, हे मुलास दिसते. मग मधली एखादी ओळ उचलून ‘कोणती पायरी हरवली?’ असे विचारावे. ती त्याने बिनचूक भरून काढली, म्हणजे क्रम समजला.

नावांचा प्रश्न याच्या पुढचा. सोलापुरात, भवानी पेठेच्या बाजूस, तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कन्नडही शहरात कानी पडते. घरी मूल ‘इरवै ओकटि’ किंवा ‘इप्पत्तोंदु’ ऐकते, म्हणजे आधी वीस, मग एक. शाळेत ‘एकवीस’, म्हणजे आधी एक, मग वीस. ‘एकोणतीस’ तर तिसाचे नाव घेऊन तिसाहून कमी! ज्यांची घरची भाषा मराठी, त्यांनाही ही अडचण आहेच. म्हणूनच २०१९ साली, मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष असताना, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले गेले आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद माजला.

त्या वादात कोणाचीही बाजू घ्या. आपल्या घरी एवढे अवश्य करा. मूल अडखळले, तर ते संख्येपाशी अडखळले की नावापाशी, हे आधी पाहा. त्यास घरच्या भाषेत मोजू द्या, दहा-दहा चिंचोक्यांचे ढीग करू द्या, आणि शाळेतील नाव मागाहून जोडा. नाव चुकले म्हणून ज्यास ‘तुला गणित येत नाही’ असे ऐकावे लागते, ते मूल पुढे गणितालाच भिऊ लागते. नाव आठ दिवसांनी दुरुस्त होते; बसलेली भीती इतक्या सहज जात नाही.