बर्फाविना घसरणारे उतार
हिमालयात ताज्या बर्फाचा थर खालच्या कमकुवत थरावर साचून आपल्याच भाराने सुटतो, तेव्हा त्यास नैसर्गिक हिमस्खलन म्हणतात. सह्याद्रीत बर्फ नसले, तरी अतिवृष्टीत काहीशी तीच भूमिका पाणी बजावते, कारण कातळावरील मातीत मुरून ते तिचे वजन वाढवते आणि कणांमधील पोकळ्यांत दाब, म्हणजे रंध्रजलदाब, निर्माण करून तिची पकड सैल करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी अशाच दरडीखाली गाडली गेली. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडावरचा धोका निराळा आहे: तेथे उभ्या बेसाल्ट कड्यांच्या भेगांतून सुटणारे दगड अडवण्यासाठी पोलादी जाळ्या बसवल्या आहेत, मात्र अशा जाळ्या सुटे दगड रोखतात, पाण्याने जड झालेला अख्खा उतार नव्हे.