भार न घेता भार ओळखायचा कसा?

केसांतून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो. त्यावरचा दाब हजारो व्होल्ट असू शकतो, तरी मल्टिमीटर लावला तर आकडा जागचा हलत नाही. कारण भार अगदीच किरकोळ असतो आणि मोजता मोजता मीटरच तो संपवून टाकतो. मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम. ५ पिकोफॅरड धारकतेवरचा भार त्यातून ५० मायक्रोसेकंदांत बराचसा ओसरतो.

म्हणजे भार न घेता त्याची चाहूल घेणारे काहीतरी हवे. अब्राहम बेनेट यांनी १७८७ मध्ये सुवर्णपत्र विद्युतदर्शीत हे साधले. आज एमपीएफ १०२ हा जेफेट प्रकारचा ट्रान्झिस्टर तेच काम करतो. त्याला तीन पाय असतात : ड्रेन, सोर्स आणि गेट. प्रवाह ड्रेन-सोर्समधून वाहतो. गेट ऋण झाले की, रबरी नळीवर पाय पडावा तशी आतली वाट चिंचोळी होत जाते. गेटमधून मात्र प्रवाह जवळजवळ जात नाही.

जोडणी सोपी आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून १ किलोओहमचा रेझिस्टर, मग एलईडी, मग ड्रेन. सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाला. गेटला १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून बोटभर तार जोडून ती हवेत मोकळी सोडायची. एलईडी लागला नाही, तर एक बोट तारेला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला क्षणभर लावावे. विजेच्या वायरी लांबच ठेवाव्यात, नाहीतर दिवा ५० हर्ट्झने लुकलुकतो. पावसाळी दमट हवेत भार टिकत नाही. प्रयोग कोरड्या दिवशी करावा.

आता कंगवा तारेजवळ आणा, पण टेकवू नका. ठिणगीने जेफेट जळू शकतो. कंगव्यावरचा ऋणभार तारेतले इलेक्ट्रॉन गेटकडे ढकलतो आणि दिवा विझतो. गेटचा दाब १ व्होल्टने बदलायला साधारण ३ कोटी इलेक्ट्रॉन पुरतात. ५ मिलिअँपिअरवर पेटलेल्या एलईडीतून तेवढे एका नॅनोसेकंदात निघून जातात!

खरी गंमत रेशमावर घासलेल्या काचेच्या कांडीची. ती धनभारित असते. जवळ आणली तर दिवा पेटलेलाच राहतो, दूर नेली की विझतो. कांडी जवळ असताना गेट धन होते, तेव्हा जेफेटमधून काही इलेक्ट्रॉन गेटमध्ये शिरतात. कांडी गेली तरी ते तिथेच अडकतात. सोन्याची पाने दोन्ही भारांनी सारखीच फाकतात. इथे दिवा कधी विझला एवढ्यावरून भार ऋण की धन हेही कळते.