काळ्या मोत्याचं कलम

शिंपला पाण्याबाहेर काढायचा, दोन झडपांमध्ये पाचर घालून त्या जेमतेम सेंटिमीटरभर फाकवायच्या, आणि त्या फटीतून बारीक पातं आत सरकवून प्रजनन ग्रंथीला चीर द्यायची. जास्त फाकवल्या तर शिंपला मरतो. चिरेतून दोन गोष्टी आत जातात: एक गुळगुळीत पांढरा मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल झालरीतून कापलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा. दोन्ही एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, नाहीतर सगळी मेहनत वाया. सराईत कारागीर हे सारं एखाद-दोन मिनिटांत उरकतो आणि पुढच्या शिंपल्याला हात घालतो.

पांढरा मणी सहसा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्याचा असतो. त्या मांसाच्या तुकड्यातल्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार करतात, आणि ती पिशवी मण्यावर मोतिया थर चढवत राहते. शिंपल्याला टोचणारा वाळूचा कण वगैरे गोष्टी कथेपुरत्या ठीक. शेतीच्या मोत्यात खरं काम त्या तुकड्याचं. हापूसच्या कलमात फळाचा गुण डोळाकाडी ठरवते, तसा मोत्याचा रंग बराचसा तुकडा देणारा शिंपला ठरवतो. म्हणून ज्याच्या कडेला सुंदर रंग आहेत असा शिंपला निवडून त्याचा बळी दिला जातो.

या शिंपल्याचं शास्त्रीय नाव पिंक्टाडा मार्गारिटिफेरा, ओळख काळ्या ओठांचा शिंपला. त्याचा मोती ‘ताहितीचा मोती’ म्हणून जगभर विकला जातो, पण पिकतो मुख्यतः ताहितीपासून शेकडो मैल दूर, फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू आणि गँबिए द्वीपसमूहांत. तिथली प्रवाळबेटं बांगडीसारखी गोल, मध्ये शांत खारं सरोवर. त्या पाण्यात दोरांवर शिंपल्यांची पिल्लं चिकटू द्यायची, दोन-तीन वर्षं वाढवायची, मग कलम करायचं, आणि पुढे दीड-दोन वर्षं सांभाळायची. दोरांवर शेवाळ आणि स्पंज चढतात, ते वारंवार खरवडावे लागतात. शिंपले फोडून खाणाऱ्या माशांपासून वाचवायला जाळ्या लागतात. शिंपला धडधाकट राहिला तर मोती काढून त्याच पिशवीत आणखी मोठा मणी बसवतात, आणि पुढचा मोती मोठा येतो.

ही शेती नव्हती तेव्हा तिथले पाणबुडे श्वास रोखून शिंपले काढायचे, मोत्यासाठी नव्हे तर शिंपीच्या बटणांसाठी. उपसा इतका झाला की साठे घटले, आणि त्यात प्लॅस्टिकची बटणं आली. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जाँ-मारी दोमार यांनी जपानी तंत्रज्ञ बोलावून काळ्या ओठांच्या शिंपल्यावर कलमाचे प्रयोग केले आणि चांगले मोती निघाले. त्याच दशकात मोत्यांच्या व्यापारातल्या रोझेंथाल घराण्यातल्या भावांनी मानिही बेटावर शेती सुरू केली.

माल तयार झाला, गिऱ्हाईक मात्र नव्हतं. ‘बंदुकीच्या गोळीसारखा’ दिसणारा करडा मोती घेणार कोण? 1970च्या दशकात तिथल्याच दुसऱ्या एका बेटाचा मालक जाँ-क्लोद ब्रुये आणि न्यूयॉर्कचा मोती-व्यापारी साल्वादोर असाएल यांनी हात मिळवले. सांगतात की पहिल्या फेरीत एकही सौदा जमला नाही. मग असाएलने चांगले मोती निवडून आपल्या ओळखीच्या जवाहिऱ्याकडे, हॅरी विन्स्टनकडे नेले. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या त्याच्या काचेत ते चढ्या किमतीला मांडले गेले आणि गुळगुळीत मासिकांत हिरे-माणकांच्या शेजारी झळकले. कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, ती वस्तू श्रीमंतीची खूण झाली.

पण दुकानाच्या काचेने चढवलेला भाव शेतातल्या उताविळीने उतरवला. बेटाबेटांवर शेतं उभी राहिली; 2000च्या सुमारास वर्षाला दहा टनांहून जास्त मोती बाहेर जाऊ लागले. लवकर काढलेल्या, पातळ थराच्या मालाने बाजार भरला आणि भाव कोसळला. थर किमान 0.8 मिलिमीटर हवा, असा निर्यातीचा नियम करावा लागला, तो यामुळेच.

तरीही या मोत्याची ओढ केवळ जाहिरातीची नाही. नावाला काळा असला तरी कोळशासारखा काळा मोती विरळाच. पोपटी, जांभळट, वांगी रंगाचा, चंदेरी करडा. आणि सर्वांत मागणी मोराच्या मानेवरच्या निळ्या-हिरव्या-गुलाबी झाकेला. खालचा गडदपणा शिंपल्याच्या रंगद्रव्याचा, वरची झाक पातळ थरांतून परावर्तित होणाऱ्या उजेडाची. म्हणून मोती फिरवला की रंग सरकतो. आपल्याकडे नथ, तन्मणी, चिंचपेटी सगळी पांढऱ्या मोत्याची; मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे. तरी हा शिंपला परका नाही. अंदमानच्या समुद्रात तो सापडतो, आणि तिथे त्यापासून काळे मोती पिकवणाऱ्या अजयकुमार सोनकर यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

काढणीत अगदी गोल, निर्दोष मोती मोजकेच. बाकी थेंबासारखे, वेडेवाकडे, किंवा भोवऱ्यावरच्या रेघांसारखी वलयं असलेले. हे वलयांचे मोती कमी पैशांत मिळतात आणि रंगाला तितकेच देखणे असतात. हाराची किंमत मात्र एकेका मोत्याच्या बेरजेहून जास्त, कारण आकार, रंग, झळाळी जुळवायला हजारो मोती चाळावे लागतात. नेमकी हीच गोष्ट खरेदीत उपयोगी पडते. हलक्या मोत्याला रंग देऊन काळा करतात. तो रंग भोकाच्या कडेला साचलेला भिंगातून दिसतो, आणि सगळे मोती एकसारखे सपाट काळे असतात. तेव्हा कानातल्या जोडीत दोन मोत्यांच्या छटेत थोडा फरक असला, तर दुकानदाराशी वाद घालू नये. पूर्ण हारच स्वस्तात आणि तंतोतंत एका रंगाचा मिळत असेल, तर मात्र प्रमाणपत्र मागावं.